स्मरणचित्र आणि चित्रकाराचं डोकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे फॉर्म सुटले की आमच्या क्लासला पालकांची ये-जा वाढते, आणि प्रश्न ठरलेले असतात. मधूनच एखादे निवृत्त काका किंवा दारात रोज रांगोळी घालणाऱ्या ताईही तेच विचारून जातात. तोंडी उत्तर देताना गडबडीत निम्मं राहून जातं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिलं आहे.

स्मरणचित्राच्या पेपरात नेमकं काय करायचं असतं?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या दोन्ही परीक्षांत हा पेपर असतो. समोर ना मडकं, ना फोटो. भाजीबाजार, एसटी स्टँड, जत्रा, पतंग उडवणारी मुलं अशा जातकुळीचा विषय येतो आणि माणसं, जागा, ऊन-सावली, रंग सगळं डोक्यातून काढायचं. इंटरमिजिएटला अ, ब, क श्रेणी मिळाली तर दहावीला अनुक्रमे ७, ५, ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बरेच जण गुणांसाठीच येतात. येऊ देत. त्यातल्या काहींना पुढे चित्राचा नाद लागतो.

चांगल्या चित्रकाराच्या डोक्यात फोटो साठवलेला असतो ना? तो बघूनच काढत असणार!

नाही. ही समजूत इतकी पक्की बसलेली असते की आधी ती मोडावी लागते. घरच्या घरी करून बघा. तुमच्या पलंगावर सोलापुरी चादर असेलच. नसेल तर स्वतःला सोलापूरकर म्हणवून घेऊ नका. दुसऱ्या खोलीत जाऊन तिचा काठ आठवून काढा. काठाला पट्टे किती, मधल्या पट्टीतली नक्षी त्रिकोणांची की चौकटींची, कोपऱ्यावर ती वळते की तिथेच तुटते, मधला बुट्टा उभा की आडवा? वर्षानुवर्षं अंगावर घेतलेली चादर, पण दोन मिनिटांत पेन्सिल अडते.

१९७९ मध्ये अमेरिकेत रेमंड निकरसन आणि मॅरिलिन ॲडम्स या संशोधकांनी लोकांना एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. रोजच्या व्यवहारातलं नाणं, पण लिंकनचं तोंड कुठल्या बाजूला आणि अक्षरं कुठे, याचा बहुतेकांनी गोंधळ घातला. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ८५ विद्यार्थ्यांना ॲपल कंपनीचा लोगो काढायला दिला. बिनचूक काढणारा एकच निघाला.

याचं कारण डोळ्यात आहे. हात समोर लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो भाग साधारण तेवढाच. बाकी सगळं धूसर, आणि नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत त्या धूसरातून कामापुरतं वेचत असते. चादर आहे, पांघरायची आहे, एवढं कळलं की मेंदूचं काम झालं. चित्रकारही चादर अशीच विसरतो. मात्र जी गोष्ट त्याला काढायची आहे तिला तो बघतानाच प्रश्न विचारतो: हे त्याच्यापेक्षा उंच की बुटकं? ही रेघ कुठे जाऊन टेकते? सगळ्यांत काळोख कुठे आहे? उत्तर मिळालेली गोष्ट लक्षात राहते. नुसती नजरेखालून गेलेली राहत नाही.

मग हेलिकॉप्टरमधून एकदा बघून अख्खं शहर काढणारा तो लंडनचा मुलगा?

स्टीफन विल्टशर. जन्म १९७४ चा, म्हणजे आता मुलगा राहिलेले नाहीत. त्यांना ऑटिझम आहे, लहानपणी ते बोलत नसत. २००५ मध्ये टोकियोवरून हेलिकॉप्टरने चक्कर मारल्यावर सात दिवसांत त्यांनी दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर ते शहर आठवणीतून उतरवलं. यात हातचलाखी काही नाही. पण ते लहानपणापासून इमारतीच काढत आले आहेत, हे विसरून चालणार नाही. मजले, खिडक्यांच्या रांगा, पूल, रस्त्यांची वळणं हे सगळं हातात मुरलेलं असताना नवं शहर बघणं वेगळं आणि कोऱ्या डोक्याने बघणं वेगळं. आणि अशी माणसं जगात मोजकीच. एखाद्या मुलाला ऑटिझम आहे म्हणजे त्याच्यात असं काही दडलेलं असणारच, असं धरून त्याच्या मागे लागू नका. त्याला चित्र आवडत असेल तर कागद द्या, नसेल तर नको.

डोळे मिटले तर मला काहीच दिसत नाही. मैत्रिणीला म्हणे सगळं रंगासकट दिसतं. चित्रकला माझ्यासाठी नाही का?

हा प्रश्न आठवी-नववीतली मुलं फार हळू आवाजात विचारतात, सगळे गेल्यावर.

डोळ्यांपुढे चित्र उभं राहणं ही गोष्ट सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास लोकांना विचारलं, आज सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवा, काय दिसतं? काहींना कपबश्या लख्ख दिसत होत्या. काहींना, त्यात नावाजलेले शास्त्रज्ञही होते, असं काही दिसतं हेच पटेना. त्यांना वाटे ‘डोळ्यांपुढे येणं’ ही बोलायची पद्धत आहे. पुढे शंभरेक वर्षं हा विषय बाजूला पडला. २०१५ मध्ये एक्झेटर विद्यापीठाचे ॲडम झेमन यांनी मनात चित्र न दिसण्याला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं आणि जगभरातून लोक कळवू लागले की अहो, आम्ही तसेच. शंभरात एक ते चार जण असे असावेत असा अंदाज आहे. म्हणजे भरलेल्या वर्गात एखादं मूल असायला काहीच हरकत नाही.

आता गंमत बघा. एरियल ही जलपरी ज्यांच्या पेन्सिलीतून उतरली ते डिझ्नीचे ग्लेन कीन यांना मनात चित्र दिसत नाही. आधी कागदावर रेघोट्यांचं जाळं घालायचं आणि त्यातून आकृती शोधत जायची, ही त्यांची रीत. २०२१ मध्ये विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांना खोल्यांचे फोटो दाखवले आणि नंतर त्या खोल्या आठवून काढायला सांगितल्या. त्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंगही कमी. पण ज्या होत्या त्यांची जागा आणि आकारमान इतरांइतकंच बरोबर होतं. वर, फोटोत नसलेली वस्तू पदरची घुसवणं हा प्रकार त्यांच्यात कमी निघाला. ज्यांना ‘लख्ख दिसतं’ तेच नसलेली खुर्ची काढून मोकळे!

तेव्हा चित्र सोडायचं कारण नाही. तुला दिसत नसेल, पण कुठली गोष्ट कुठे आहे हे ठाऊक असतं ना? मधल्या मारुतीपासून टिळक चौकात चालत जाताना कुठे वळायचं हे डोळे मिटूनही सांगता येतं ना? मग स्मरणचित्र काढता येईल. मैत्रीण चित्र बघून काढते असं समज, तू नकाशावरून काढशील. दोघींना रेघ तर शिकावीच लागणार.

चित्रकार उजव्या मेंदूचे असतात म्हणे?

हे जुनं खूळ आहे. मेंदूचे दोन भाग जोडणारा दुवा कापलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं, त्यासाठी १९८१ चं नोबेलही मिळालं. दोन्ही बाजू काही कामं वेगवेगळी करतात असं त्यांना दिसलं, आणि त्याचा लोकांनी भलताच विस्तार केला. २०१३ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठाने हजाराहून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे खरं, पण ‘हा माणूस डाव्या मेंदूचा, तो उजव्या’ अशी विभागणी कुठे दिसली नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवणाऱ्या वर्गांबद्दलही याच दमात विचारतात. पट्टीखालून नाकाशेजारच्या फटीतून दिसतं. तेवढ्या पैशात दोन वर्षांचे रंग-कागद येतील.

म्हणजे चित्रकाराचा मेंदू वेगळा नसतोच?

असतो, पण लोक समजतात तसा नाही. २०१४ मध्ये रिबेका चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी कलाविद्यार्थ्यांचे आणि इतरांचे मेंदू तपासले. ज्यांचा बघून काढण्याचा हात चांगला, त्यांच्यात हाताच्या बारीक हालचाली सांभाळणाऱ्या भागांत करडं द्रव्य (मेंदूपेशींचा भाग) जास्त दिसलं. ते सरावाने वाढलं की आधीपासूनच होतं, हे एकदा काढलेल्या स्कॅनवरून ठरत नाही. माझा स्वतःचा कल सरावाकडे आहे, कारण काडीचा हात नसलेली पोरं वर्षभरात सुधारताना रोज बघतो.

त्यापेक्षा मला नजरेचे प्रयोग मोलाचे वाटतात. जॉन चालेन्को आणि ख्रिस मायल यांनी हम्फ्री ओशन या ब्रिटिश चित्रकाराच्या डोळ्यांवर यंत्र लावलं आणि व्यक्तिचित्र काढताना नजर कुठे जाते ते टिपलं. नजर ठरावीक तालात मॉडेलकडे जाई, एकाच लहानशा तपशिलावर थांबे आणि तेवढाच घेऊन कागदावर येई. नवख्याची नजर भिरभिरते, एका फेरीत सगळं आणायला बघते. कागदाकडे वळण्याच्या त्या क्षणभरातही आठवणच लागते, हे लक्षात घ्या. समोर बसवून काढलेलं चित्रही तुकड्या-तुकड्याचं स्मरणचित्रच असतं.

दुसरा धागा बुद्धिबळाचा. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी खेळाडूंना डाव मांडलेला पट पाच सेकंद दाखवला. कसलेल्या खेळाडूने बरीच मोहरी जागच्या जागी सांगितली, नवख्याला मोजकीच आठवली. मग मोहरी वाटेल तशी विस्कटून ठेवली, तर कसलेल्याची मिजास उतरली. दोघं जवळपास सारखेच. म्हणजे त्याची आठवण एकूणच मोठी नव्हती, त्याला डावातली घडण कळत होती. आपल्या पूर्व भागात चादरीचं डिझाइन करणाऱ्या जुन्या माणसाला बघा. जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, ग्राफच्या कागदावर चौकोन भरताना तो हजारो चौकोन लक्षात ठेवत नाही. एक बुट्टा, तो कुठे उलटतो, काठापाशी कसा तोडायचा, बस्स. चादर त्याला पाठ नसते, ती कशी उभी राहते ते पाठ असतं.

मुलगी सहा वर्षांची आहे. कपाची दांडी मागे लपलेली असली तरी काढतेच. लक्ष नाही का तिचं?

लक्ष भरपूर आहे. १९७२ मध्ये नॉर्मन फ्रीमन यांनी हेच तपासलं होतं: लहान मुलं दिसतं ते नाही, ठाऊक असतं ते काढतात. कपाला दांडी असते, म्हणून ती येणार. आठ-नऊ वर्षांपर्यंत हे आपोआप बदलू लागतं. तोवर खोडू नका, टोकू नका.

मोठ्यांनाही सायकल का जमत नाही?

कारण तीही आपण फक्त चालवलेली असते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या रिबेका लॉसन यांनी २००६ मध्ये लोकांकडून सायकली काढून घेतल्या. कुणी चेन दोन्ही चाकांना गुंडाळली, कुणी फ्रेमच्या दांड्याने पुढचं-मागचं चाक पक्कं जोडून टाकलं, म्हणजे हँडल वळणारच नाही. दुकानात जाऊन सायकल उघडलेली बघा. पेडल कशाला जोडलंय, चेन कुठून कुठे जाते, पुढचा चिमटा कशात फिरतो हे एकदा कळलं की सायकल जन्मात चुकत नाही. माणसाच्या कोपराचं आणि गुडघ्याचंही तेच.

गाइडमधलं तयार चित्र पाठ करून गेलं तर काय बिघडलं? श्रेणी तर मिळते.

मिळते कधीकधी, नाकारत नाही. पण त्याला मी स्मरणचित्र म्हणणार नाही. सोलापूरसारख्या सपाट मुलखात वाढलेली, डोंगर फक्त सहलीत बघितलेली मुलं दोन डोंगरांच्या खाचेतून सूर्य वर काढतात. डावीकडे झाड, उजवीकडे झोपडी, मधून वळत जाणारी नदी. आपली नदी बघायला तर सीना गाठावी लागते! विषय जत्रा असो की बाजार, मागे तेच डोंगर. परीक्षकाच्या हाताखालून असे गठ्ठेच्या गठ्ठे जातात, त्याला पाचव्या कागदावर गाइड कुठलं ते कळतं.

आणि ज्या मुलाने जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, बघितलाय त्याला गाइड कशाला लागावं? त्यातली नंदीध्वजाची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक घ्या. पाठांतरवाला पांढऱ्या कपड्यातला माणूस ताठ उभा करतो आणि त्याच्या हातात काठी देतो, झेंडा धरावा तशी. ज्याने बघितलंय तो असं काढणार नाही. उंच काठी पेलणारा माणूस ताठ राहूच शकत नाही. कंबर पुढे येते, खांदे मागे जातात, हनुवटी वर आणि नजर शेंड्याकडे, पावलं आखूड. बाराबंदीच्या, म्हणजे बंदांनी बांधायच्या पांढऱ्या अंगरख्याच्या, बंदांवर ताण येऊन कापडाला तिरप्या चुण्या पडतात. आजूबाजूच्या दोघा-तिघांचे हात आधीच अर्धे वर आलेले, काठी कलली तर सावरायला. खाली रांगोळीच्या पायघड्या विस्कटलेल्या. यातल्या तीन गोष्टी जरी कागदावर आल्या तरी चित्र सोलापूरचं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या कागदाशी जुळत नाही.

आई ठिपक्यांची रांगोळी न बघता काढते. मग ती चित्रकार का नाही?

कोण म्हणतं नाही? पण ही आठवण वेगळी, ती हातात असते. आईला म्हणा, रांगोळीच्या मधूनच कुठूनतरी सुरू कर. बहुतेकदा ती म्हणेल, थांब, पहिल्यापासून घालते. हात क्रमाने आठवतो. ही आठवण मेंदूत वेगळ्या वाटेने साठते, याचा पुरावा ‘एच. एम.’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन रुग्णात मिळाला. १९५३ मध्ये अपस्मारासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नवं काही आठवेनासं झालं. ब्रेंडा मिलनर यांनी त्याच्याकडून आरशात बघून चांदणी गिरवून घेतली. तिसऱ्या दिवसापर्यंत हात सफाईने चालू लागला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला दरवेळी नवंच. चित्रकाराला दोन्ही लागतं: हातातलं आणि समजेतलं. रांगोळी घालणाऱ्या मुलींची रेघ मुळातच स्थिर असते, त्या चित्रात लवकर पुढे जातात हा अनुभव आहे.

हुसेन आपल्या जिल्ह्यातले ना?

हो. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. ते अगदी तान्हे असताना आई गेली, तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. मदर तेरेसांवरच्या त्यांच्या चित्रांत निळ्या काठाची साडी आहे, मांडीवर मूल आहे, चेहऱ्याच्या जागी काही नाही. तरुणपणी त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली. एवढ्या मोठ्या फळीसमोर उभं राहिल्यावर रंगवणाऱ्याला एका वेळी जेमतेम एक गाल दिसतो. उरलेला चेहरा डोक्यात धरावा लागतो.

सराव कसा करायचा? पद्धत सांगा, उपदेश नको.

पॅरिसमध्ये होरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक होते. आठवणीतून चित्र शिकवण्याची त्यांची पुस्तिका १८४८ ची. रोदाँ हा शिल्पकार त्यांच्या हाताखालचा. सुरुवात ते अगदी किरकोळ गोष्टींनी करत: एक रेघ, एक कोन, बाजूने दिसणारं नाक. ते आठवून जमलं की पुढचं. आपण उलटं करतो, पहिल्याच दिवशी मंगळवार बाजार काढायला बसतो.

मी असं करून घेतो. लक्ष्मी मंडईत किंवा स्टेशनवर जायचं, एकच माणूस निवडायचा, थोडा वेळ बघायचं, वही बंद. तराजू धरलेली भाजीवाली असेल तर तराजूचा हात किती वर आहे, कोपर अंगाला चिकटलंय की सुटलंय, दुसरा हात वजन टाकतोय की पदर सावरतोय, एवढंच मनाशी तोंडी बोलायचं. हो, तोंडी. व्हिस्लर हा चित्रकार थेम्सच्या काठी रात्री असंच करायचा: देखावा बघायचा, नदीकडे पाठ करायची आणि सोबत्याला सगळं वर्णन म्हणून दाखवायचं, चित्र नंतर, स्टुडिओत. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर दोघांनी बसून हे करून बघा. एकाने तलावाकडे पाठ करून सांगायचं, दुसऱ्याने चुका काढायच्या. मंदिराकडे जाणारी वाट, पाण्यातली पडछाया, मागची किल्ल्याची तटबंदी, काय राहिलं ते लगेच कळतं.

मग घरी येऊन काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत जाऊन ताडून बघायचं. हे परत जाणं सगळे टाळतात आणि खरं शिक्षण त्याच फेरीत होतं. रात्री दिवा मालवल्यावर दिवसा बघितलेले आकार मनात पुन्हा फिरवावेत, असं लिओनार्दोने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय. ते फुकट आहे.

मोबाइलवर फोटो काढून घरी बघून काढलं तर?

ते फोटोवरून काढलेलं चित्र झालं, त्यालाही जागा आहे. पण आठवणीला फोटो मारक ठरतो. लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेला प्रयोग २०१४ मध्ये छापून आला: ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. झूम करून एखाद्याच भागाचा फोटो घेतला तेव्हा मात्र हा तोटा दिसला नाही. फोटो काढायचाच असेल तर चित्र झाल्यावर, ताडून बघायला काढा.

या नादात दहावीचा अभ्यास बुडेल का?

चित्रामुळे नाही बुडत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द लोकांच्या जास्त लक्षात राहिले, आणि चित्र चांगलं असायचीही गरज नव्हती. जीवशास्त्राच्या आकृत्या पुस्तक मिटून काढायची सवय लावा.

साठीला टेकलोय. आता सुरू करून काही होईल?

होईल. वर सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू, शिवाय बघितलेलं तुमच्याकडे पोरांपेक्षा जास्त आहे. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावलेली माणसं तुम्ही. गिरणीच्या दारातली गर्दी कुठल्याही गाइडात नाही.

खोडरबर वापरू द्यायचा का?

परीक्षेत खुशाल. सरावात नाही. चुकलेली रेघ खोडली तर दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन नेमकं काय बघायचं तेच कळणार नाही. ती राहू दे, शेजारी दुसऱ्या रंगाने बरोबर रेघ ओढा आणि पानावर तारीख टाका. पालकांनी वही पाहुण्यांना दाखवायला मागू नये. ती तशी दिसणारच नाही.